कानातले बोळे काढ

तीनदा बेल वाजवली. मग दार ठोठावलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी डोकावून गेल्या, त्यांचा कुत्रा माझ्यावर भुंकून दमला, तेव्हा कुठे तू दार उघडलंस. भर दुपारी चार वाजता, स्वतःच्या घरात, दोन्ही कानांत नारिंगी इअरप्लग. वर मलाच म्हणालास, "बाई, फोन तरी करायचात!" अरे, केला होता. दोनदा.

तुझ्या बायकोने थालीपिठं केली. चटणी वाटायला मिक्सर उचलला आणि बाथरूममध्ये नेला. आत कडी लावली. मला वाटलं प्लंबर आलाय. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, सवय होती. संकोच दिसला असता तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात माझी नजर शोकेसवर गेली. वर मखमली कापडात गुंडाळलेला ताशा. तू कौतुकाने म्हणालास, "पुढच्या आठवड्यापासून सराव, बाई. यंदा नवी पोरं माझ्याकडेच दिलीत."

तेव्हा मी गप्प बसले. बायकोसमोर नवऱ्याचा कान धरू नये एवढं मला कळतं. आता ती समोर नाही. आता वाच. आणि हो, वाचतानाही ते इअरप्लग घातलेले असतील तर आधी काढ. कानउघाडणी हा शब्द इतका शब्दशः वापरायची वेळ एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर आली नव्हती.

तू मला ती वही दाखवलीस. मोबाइलवर ॲप घेऊन घरातला एकेक आवाज मोजलास. मिक्सर 87 डेसिबल. कुकरची शिट्टी 84. भांडी 78. वरच्या मजल्यावरचं ड्रिल 71. पुढे तारीख, वेळ, आणि 'कानातली शिट्टी वाढली का' याचा वेगळा रकाना. आठवीत एवढी नीट प्रयोगवही ठेवली असतीस तर मी तुला पैकीच्या पैकी दिले असते. सगळी पानं उलटली मी. पुढून मागे, मागून पुढे.

ताशा कुठाय त्यात?

"तो मोजायचा राहिला, बाई."

राहिला? अकरा वर्षं वाजवतोयस. कुकर मोजलास, पोळपाट मोजलास, शेजाऱ्याचं दार आपटलेलं मोजलंस. अंगाला बांधून दोन-दोन तास जो कानाखाली कडाडतो, तोच नेमका राहिला? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तुला आकडा माहीत नाही म्हणून तू मोजला नाहीस असं नाही. तुला आकडा माहीत आहे म्हणून मोजला नाहीस.

चल, मी मोजते. ध्वनी तुला मीच शिकवला होता. डेसिबल हा बाजारातला किलो नाही, 3 वाढले की ऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दसपट. फळ्यावर तीनदा लिहून दिलं होतं. त्यावरून कामगारांसाठी अमेरिकेच्या नायॉश संस्थेने हिशेब बांधला आहे. 85 डेसिबल असेल तर दिवसाला आठ तास. 88 ला चार. 91 ला दोन. 94 ला एक. 97 ला अर्धा. 100 ला पंधरा मिनिटं.

तुझा मिक्सर 87. म्हणजे रोज पाच तास चालवला तर हद्द गाठेल. तुझी काय खानावळ आहे? दोन मिनिटांच्या चटणीसाठी तू त्या पोरीला बाथरूममध्ये कोंडतोस.

आता ताशा. एकट्याचा धरत नाही, पथकाच्या मध्यावर उभा असतोस तू, शेजारी आणखी दहा-बारा ताशे, मागे ढोलांच्या रांगा, अंगावर टोल. तुझ्यावर दया करून 100 च धरते. दोन तास सराव म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे आठ वाटे. एका संध्याकाळी आठ दिवसांचं रेशन उडवतोस. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आठ. आणि रात्री घरी येऊन बायकोला म्हणतोस, भांडी हळू ठेव.

लाज वाटत नाही, असं मी म्हणणार नाही. वाटते. म्हणूनच वहीत तो रकाना कोरा आहे.

तुझा बचाव मला पाठ आहे. "बाई, मिक्सर खरंच टोचतो हो." टोचतो. ते मी नाकारत नाही. ज्याचे कान वाजतात त्याला साधे आवाजही सुरीसारखे लागतात, ते ढोंग नाही. पण त्रास होणं वेगळं आणि इजा होणं वेगळं. मिक्सर तुला त्रास देतो, इजा करत नाही. ताशा तुला इजा करतो, पण त्रास देत नाही, कारण त्यात तुला आनंद आहे. तू त्रासाला घाबरतोस आणि इजेला मिठी मारतोस. सगळा घोळ एवढाच आहे, आणि तो समजायला तुला माझी गरज नव्हती.

डीजेचंही तेच. गेल्या वर्षी गल्लीतल्या मंडळाने स्पीकरच्या भिंती लावल्या तेव्हा पोलिसांना फोन करणारा पहिला तू. नियम तोंडपाठ होते: राहत्या वस्तीत दिवसा 55, रात्री 45, रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे रात्र. 2000 सालापासूनचे नियम आहेत, बरोबर बोललास, फोन केलास तेही बरोबर. मग तुझं पथक काय हवेत वाजतं? डीजे म्हणजे प्रदूषण आणि ताशा म्हणजे संस्कृती. कानाच्या आतल्या पेशींना संस्कृती कळत नाही रे. त्यांना फक्त दाब कळतो.

2024 मध्ये हरित लवादाने पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं आणि ऐन गणपतीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या दिवशी ग्रुपवर तू केवढा नाचलास! मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मीही पुण्यातच वाढले. मानाच्या गणपतींच्या मिरवणुकीला अजून जाते, लक्ष्मी रस्त्याच्या एखाद्या बोळाच्या तोंडाशी उभी राहते, आणि ताशाची तर्री सुरू झाली की माझ्याही अंगावर काटा येतो. पण स्थगिती लवादाच्या आदेशाला मिळाली, तुझ्या कानाला नाही. सीओईपीची इंजिनिअरिंगची मुलं दरवर्षी विसर्जनाला मीटर घेऊन त्या रस्त्यावरच्या चौकाचौकांत उभी राहतात. कोविडच्या वर्षी मिरवणूक नव्हती तेव्हा आकडा साठच्या आसपास उतरला होता. एरवी सरासरी नव्वदीत, कधी शंभरीपार. ही सरासरी, तीही चौकातली. तू चौकात नसतोस, तू आवाजाच्या गाभाऱ्यात असतोस. शिवाय उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल उतरतात, हे गणित त्या अरुंद रस्त्यावर चालत नाही. दोन्हीकडे इमारती. आवाज जाणार कुठे? तुझ्याकडेच परत येतो.

पुढचा बचाव: "सराव संपला की थोडा वेळ दडे बसतात, सकाळपर्यंत मोकळे होतात." हे तू छाती फुगवून सांगितलंस, जणू कान व्यायाम करून आले. दडा बसतो म्हणजे काय? आतल्या केसपेशी लोळागोळा झालेल्या असतात. एका कानात जन्मतः पंधरा-सोळा हजार असतात, बस. कोंबडीच्या पिल्लाला त्या पुन्हा फुटतात, माणसाला नाही. आणि सकाळी मोकळं झालं म्हणजे सगळं जागेवर आलं, हाही भ्रम आहे. 2009 साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. मोठ्या आवाजानंतर त्यांची ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे मात्र मोठ्या संख्येने कायमचे गेले होते. उंदराला कळलंही नाही. तुला तर कळतंय. तुला शिट्टी ऐकू येते. तुझ्या ऑडिओग्राममध्ये चार हजार हर्ट्झला खड्डा आहे, आणि तो खड्डा आवाजाच्या माऱ्याची जुनी ओळखीची खूण आहे, हे डॉक्टरांनी तुला सांगितलं. तो कागद तू फ्रिजवर गॅसच्या बिलाखाली लावलायस. बिल वर, कान खाली.

"कापूस घालतो की!" कापूस? कापसाने वारा अडतो. आवाज त्यातून हसत हसत जातो. ताशाला कापूस आणि मिक्सरला इअरप्लग. वा रे शहाण्या.

"इअरप्लग घातले तर हात नीट ऐकू येत नाही." हे एकच जरा तरी विचार करण्यासारखं बोललास. पिवळे-नारिंगी फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, ताशा गोणपाटाखाली वाजल्यासारखा वाटतो, खरं आहे. म्हणून तर वादकांसाठी वेगळे फिल्टरवाले इअरप्लग असतात. सगळे सूर जवळपास सारखेच उतरवतात, 15 डेसिबल किंवा 25. ऑडिओलॉजिस्ट तुझ्या कानाचा साचा घेऊन करून देतो. महाग आहेत? तुझ्या बुटांकडे मी पाहिलंय. आणि 15 उतरले तर 100 चे 85 होतात. पंधरा मिनिटांचे आठ तास. हा भागाकार तरी येतो ना?

राहता राहिलं खरं कारण. ते तू बोलला नाहीस, मीच बोलते. पथकात हसतील. अकरा वर्षांचा ताशेवाला आणि कानात बोळे! स्मेताना नावाचा एक चेक संगीतकार होता. त्याचे कान असेच वाजायचे, पुढे तो पूर्ण बहिरा झाला. 1876 मध्ये त्याने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेच्या शेवटच्या भागात व्हायोलिन अचानक एक उंच सूर लावून धरतं, तो त्याच्या कानातला आवाज. त्याने अख्ख्या जगासमोर तो मांडून ठेवला. तुला स्वतःच्या पथकात एक वाक्य बोलवत नाही.

आता घरातल्या इअरप्लगकडे ये. तो गुन्हा लहान समजू नकोस.

रेडिओवर दूरचं स्टेशन लावायचास ना लहानपणी? आवाज येत नाही म्हणून बटण पिळत जायचं, स्टेशन येत नाहीच, खरखर मात्र वाढते. मेंदू तेच करतो. कानाकडून माल कमी आला की तो बटण पिळतो. तू दिवसभर कान बंद ठेवतोस, मेंदू दिवसभर बटण पिळतो. मग शिट्टी वाढते. मग भांडी आणखी टोचतात. मग तू आणखी घट्ट बोळे घालतोस. 2012 साली संशोधकांनी चांगल्या कानाच्या अठरा जणांना एका कानात इअरप्लग घालून आठवडाभर ठेवलं. चौदा जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. इअरप्लग काढल्यावर सगळ्यांचे गेले. चांगल्या कानांची ही गत, तर तुझी काय होईल? आणि त्याआधी, 1953 मध्ये, ऐंशी धडधाकट माणसांना निःशब्द खोलीत काही मिनिटं बसवलं होतं, तेव्हा शंभरातल्या चौऱ्याण्णवांना काही ना काही ऐकू आलं. कान कुणाचेही वाजतात. शांतता दाट केली की ते ऐकू येतात. तू शांतता विकत आणून कानात कोंबतोयस.

मला कसं माहीत? माझेही वाजतात. एकोणीस वर्षं झाली. डाव्या कानात रातकिडा, उजव्यात कधीतरी. आमची शाळा बस स्टॉपला लागून होती आणि वर्गात साठ तुमच्यासारखी रत्नं, तेव्हा कारण शोधत बसले नाही. पहिली दोन वर्षं मीही मूर्खपणा केला. कुणी सांगितलं म्हणून लसणीचं तेल घातलं, कान भाजला, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. तूही घातलंस ना? तुझ्या बायकोने सांगितलं. विज्ञानाचा विद्यार्थी! मग कळलं की या आवाजाला गोळी नाही. तो रागावून जात नाही, विनवून जात नाही. त्याच्याकडे लक्ष देणं कमी झालं की तो कोपऱ्यात बसतो. विचारांना वळण लावणारी जी समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. जा, लाजू नकोस. मी पंखा डिसेंबरातही एकवर ठेवते. उशाशी रेडिओ असतो, शिट्टी बुडेल एवढा मोठा नाही, तिच्या बाजूला बसेल एवढाच. काही रात्री वाईट जातात. दुसऱ्या दिवशी दूधवाला येतोच.

आता काय करायचं ते ऐक. वहीत लिही, नाहीतर म्हणशील राहिलं.

घरातले इअरप्लग एकदम भिरकावू नकोस, दोन दिवसांत घाबरून पुन्हा घालशील. आज अर्धा तास काढ. परवा तास. सुरुवात स्वतः केलेल्या आवाजापासून कर. मिक्सरचं बटण तू दाब. भांडी तू घास. आवाज आपल्या हाताने झाला की कमी टोचतो, शिवाय तुझ्या घरात भांडी घासायला दुसरा माणूस मिळेल हा जास्तीचा फायदा. रस्त्यावर बुलेट फटफटत गेली, हॉर्न कानाशी वाजला, तर दोन बोटं कानात घाल आणि गेल्यावर काढ. चारचौघांत बोटं घालायला संकोच कसला? मुंबई पोलिसांनी हॉर्न 85 च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजणारा सिग्नल लावून पाहिला होता. तसला सिग्नल तुझ्या चौकात येईपर्यंत बोटंच आहेत. लग्नात स्पीकरसमोरची खुर्ची सोड. मामा रुसले तर रुसू देत. मामाला तुझ्या कानात राहायचं नाहीये.

फोमचा इअरप्लग घालायचा तर नीट घाल. परवा पाहिलं, तू बाटलीला बूच लावावं तसा टेकवला होतास. बोटांत वळून सुतळीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा, आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. पाकिटावरचा डेसिबलचा आकडा अशाने मिळतो, आणि तोही पूर्ण मिळत नाही. सरावाला नदीपात्रात उभा राहिलास की दर पाऊण तासाने वाद्यांपासून दूर जा. चहाच्या टपरीपर्यंत नव्हे, ती वाद्यांच्या शेजारीच असते. पुलापलीकडे जा.

आणि एकच गोष्ट थट्टेवारी नेऊ नकोस: एखाद्या दिवशी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, किंवा एकाच कानात नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू यायला लागली, तर वहीत नोंद करत बसू नकोस. ऐकू येणं बंद झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे. तिथे दिवस मोजले जातात.

एवढं सगळं तू तुझ्या कानांसाठी केलं नाहीस तरी मी दोन दिवस चिडेन आणि सोडून देईन. तुझे कान, तुझी शिट्टी. पण "नवी पोरं माझ्याकडेच दिलीत" हे वाक्य मला झोपू देत नाही. किती वर्षांची आहेत? पंधरा, सोळा? त्यांना तू काड्या कशा धरायच्या ते दाखवणार, मनगट कसं सोडायचं ते दाखवणार. सरावानंतर एखादा पोरगा तुझ्याकडे येईल आणि म्हणेल, "दादा, कानात कुईं होतंय." काय सांगणार आहेस त्याला? "होतं सुरुवातीला"? तुला असंच सांगितलं होतं ना कुणीतरी, अकरा वर्षांपूर्वी? त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. रात्री तीन वाजता छताकडे बघत ती शिट्टी ऐकणं काय असतं, हे त्या नदीपात्रात उभ्या असलेल्या माणसांपैकी तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि तू त्या पोरांच्या कानापाशी ताशा वाजवून दाखवणार, स्वतः कापूस घालून, त्यांना तोही न देता.

फोमच्या जोडीला किती पैसे पडतात ते मी औषधाच्या दुकानात विचारलं. एका वडापावात येते. पन्नास जोड्या घेऊन ठेवल्यात. पहिल्या दिवशी वाद्यपूजन झालं की काड्या हातात द्यायच्या आधी त्या वाटायच्या, आणि सगळ्यांसमोर पहिली जोडी तू घालायची. हसतील. हसू देत. दुसऱ्या दिवशी निम्मे हसतील.

शुक्रवारी चार वाजता येते त्या द्यायला. तोवर वहीतला ताशाचा रकाना भरलेला असला पाहिजे, तुझ्या कानाच्या उंचीवर मोबाइल धरून, मधोमध उभं राहून. तुझ्या बायकोला सांग, चटणी ओट्यावरच वाट. आणि मी बेल एकदाच वाजवणार आहे.